एका लॅपमागे ०.८४ सेकंद: डॅनियल विफनची कारकीर्द

३० जुलै २०२४ च्या रात्री पॅरिसच्या ला देफॉन्स अरीनात पुरुषांची ८०० मीटर फ्रीस्टाइल संपली, तेव्हा फलकावर पहिलं नाव आयर्लंडच्या डॅनियल विफनचं होतं. वेळ ७:३८.१९, नवा ऑलिंपिक विक्रम. दुसरा अमेरिकेचा बॉबी फिंक, ७:३८.७५. तिसरा इटलीचा ग्रेगोरियो पाल्ट्रिनिएरी, ७:३९.३८. साडेसात मिनिटांहून जास्त पोहूनही पहिल्या दोघांत फरक ०.५६ सेकंदांचा. त्या वेगाने पोहणाऱ्या माणसासाठी हे अंतर जेमतेम एक मीटर.

माझ्या मते विफनची कारकीर्द समजून घ्यायची तर दुसरा फरक बघायला हवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ च्या उन्हाळ्यात, हाच मुलगा हीच शर्यत ७:५१.६५ मध्ये पोहला होता. तो तेव्हाचा आयरिश राष्ट्रीय विक्रम होता, आणि तरीही तो १४ वा आला. अंतिम फेरी आठ जणांची असते. तीन वर्षांत त्याने १३.४६ सेकंद कमी केले. ५० मीटरच्या तलावात ८०० मीटर म्हणजे १६ लॅप, तेव्हा एका लॅपमागे ०.८४ सेकंद.

ज्याने स्टॉपवॉच हातात घेऊन मुलांना पोहताना पाहिलंय त्याला ०.८४ किती मोठा आकडा आहे ते कळेल. १२ वर्षांच्या मुलाने तो एका उन्हाळी सुट्टीत मिळवला तर नवल नाही. पण २० वर्षांचा, ऑलिंपिकला पोचलेला जलतरणपटू प्रत्येक लॅपला इतकं कमी करतो, तेही सोळाच्या सोळा लॅपना, तेव्हा ते कुठून आलं हे नीट बघायला हवं.

विफनचा जन्म १४ जुलै २००१ चा, इंग्लंडमधल्या लीड्सचा. वाढला मात्र उत्तर आयर्लंडच्या काउंटी डाउनमधल्या मॅरालिन या गावात. जुळा भाऊ नेथनही लांब पल्ल्याचाच जलतरणपटू, आणि दोघं वर्षानुवर्षं एकाच तलावात, एकाच सेटमध्ये, म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक वेळेत पुन्हा पुन्हा काढायच्या सरावात, पोहत आले. लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याला याचा किती उपयोग होतो ते सहज ध्यानात येत नाही. शंभर मीटरवाल्याला शेजारच्या लेनमध्ये कुणीही तगडा गडी चालतो. पण ३० वेळा १०० मीटर एकाच वेगाने काढायचे असतील तर त्याच वेगाचा, त्याच दमाचा, रोज हजर असणारा माणूस लागतो. तो घरातच असला तर आणखी काय हवं!

उत्तर आयर्लंड राजकीयदृष्ट्या युनायटेड किंग्डमचा भाग आहे, पण जलतरणाची संघटना संपूर्ण बेटाची मिळून एक आहे. त्यामुळे तिथला खेळाडू ऑलिंपिकला आयर्लंडच्या झेंड्याखाली उतरतो आणि राष्ट्रकुल स्पर्धेत उत्तर आयर्लंडकडून. ग्रेट ब्रिटनचा पर्यायही असतो: बेलफास्टचा जॅक मॅकमिलन आधी आयर्लंडकडून पोहायचा, नंतर ब्रिटनकडे गेला, आणि पॅरिसमध्ये ब्रिटनने ४×२०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलं त्यात प्राथमिक फेरी पोहल्याबद्दल त्यालाही पदक मिळालं. ते सुवर्ण आणि विफनचं सुवर्ण एकाच संध्याकाळचं. उत्तर आयर्लंडमधल्या कुणी त्याआधी ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं होतं ते १९८८ मध्ये, सोलला, ब्रिटनच्या हॉकी संघातून.

काउंटी डाउनचं नाव पुण्यातल्या सागरी जलतरणवाल्यांना वेगळ्या कारणाने माहीत असतं. उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनेल सहसा याच काउंटीतल्या डोनाघडीहून पोहायला घेतात. सुमारे ३५ किलोमीटर, पाणी १२ ते १४ अंशांचं, वर मोठ्या जेलीफिशचे डंख. सात खाड्या पोहून २०१८ मध्ये 'ओशन्स सेव्हन' पूर्ण करणाऱ्या पुण्याच्या रोहन मोरेंनी ती पार केली आहे. विफनचं पाणी मात्र तलावाचं.

आणि तलाव हा तिथला कळीचा मुद्दा. उत्तर आयर्लंडला पहिला ५० मीटरचा तलाव मिळाला २०१३ मध्ये, बँगोरला. विफन तेव्हा ११-१२ वर्षांचा होता. त्याच्या पिढीची तिथली मुलं बहुतांशी २५ मीटरच्या तलावात घडली. आपल्याकडेही जिल्ह्याच्या गावांत हेच चित्र असतं, म्हणून यावर थोडं थांबतो.

२५ मीटरच्या तलावात ८०० मीटरला ३१ टर्न येतात, ५० मीटरच्या तलावात १५. भिंतीला पाय मारून निघताना पहिल्या क्षणी वेग सेकंदाला अडीच-तीन मीटरपर्यंत जातो, तर विफनचा पॅरिसमधला सरासरी वेग सेकंदाला १.७५ मीटर होता. म्हणजे प्रत्येक भिंत फुकटचा वेग देते, शिवाय हातांना सेकंद-दीड सेकंदाची विश्रांती. छोट्या तलावातली वेळ त्यामुळे चांगली दिसते. तोच मुलगा जिल्ह्यावरून बालेवाडीच्या मोठ्या तलावात येतो आणि ३५ मीटरनंतर त्याचा स्ट्रोक मोडायला लागतो, कारण भिंत अजून १५ मीटर लांब असते आणि हातांना तिची सवय लागलेली असते. पालकांना वाटतं मुलगा घाबरला. घाबरलेला नसतो, त्याने सलग ५० मीटर कधी पोहलेलेच नसतात. यावर उपाय आहे: आठवड्यातून दोन-तीनदा टर्न मारताना भिंतीला पाय न लावता, भिंतीच्या अलीकडेच गिरकी घेऊन परत निघायचं. फुकटचा वेग मिळत नाही, हात सतत चालू राहतात. दिसायला बेंगरूळ दिसतं, पण छोट्या तलावातला तो सगळ्यात कामाचा सराव आहे.

छोट्या तलावाची जमेची बाजूही आहे, आणि विफनच्या बाबतीत ती आकड्यांत दिसते. तेवढंच अंतर पोहून दुप्पट टर्न घोटले जातात.

टर्नबद्दल जवळून सांगतो, कारण ०.८४ चा एक हिस्सा इथे आहे. भिंतीपासून पाच मीटरवर, लेनच्या दोरीचा रंग बदलतो तिथून, टर्न सुरू होतो. तळावरची काळी पट्टी टी आकारात संपते तिथे मान वर न करता अंदाज घ्यायचा. मान वर गेली की कंबर खाली जाते आणि वेग मरतो. शेवटचा हात मांडीपर्यंत पूर्ण ओढायचा, दुसरा हात तिथे असतोच, मग हनुवटी छातीला लावून गिरकी. पाय भिंतीला लागतात तेव्हा गुडघे साधारण काटकोनात हवेत. जास्त दुमडले तर उलगडायला वेळ जातो, कमी दुमडले तर जोर मिळत नाही. तळपाय पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर ते दीड वीत. पाठीवर असतानाच ढकलायचं, वळून पालथं होणं नंतर, निघता निघता. हात कानांच्या मागे ताणलेले, तळव्यावर तळवा. लांब पल्ल्यात पाण्याखालच्या डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेल्या) एक ते तीन पुरतात. नियम १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहू देतो, पण ८०० मध्ये ते कुणी करत नाही. फुप्फुसांना परवडत नाही.

इथे हमखास होणाऱ्या चुका दोन. एक, भिंतीआधीच्या शेवटच्या दोन हातांत श्वास घ्यायचा राहतो, मग वर आल्यावर पहिल्याच हाताला तोंड वळतं आणि भिंतीने दिलेला वेग तिथेच सांडतो. दुसरी, थकवा आल्यावर मुलं भिंतीकडे तरंगत जातात, म्हणजे शेवटचा मीटर हात न मारता वाट बघतात. दर टर्नला ०.१ सेकंद गेला तरी १५ टर्नना १.५ सेकंद. पॅरिसमध्ये पहिल्या आणि तिसऱ्यात अंतर १.१९ सेकंदांचं होतं.

विफन पुढे इंग्लंडमधल्या लफबरा विद्यापीठात गेला, संगणकशास्त्र शिकायला आणि अँडी मॅनली यांच्या हाताखाली पोहायला. लफबराचा ५० मीटरचा तलाव ब्रिटिश जलतरणाच्या मुख्य केंद्रांपैकी एक. एरवी आयर्लंडच्या मुलांचा रस्ता अमेरिकन विद्यापीठांकडे जातो. स्लायगोची मोना मॅकशॅरी टेनेसीला गेली. पण अमेरिकन विद्यापीठ हंगाम मीटरऐवजी यार्डांत मोजलेल्या छोट्या तलावात चालतो, आणि तिथे लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यालाही संघासाठी गुण मिळवायला आठवड्यामागून आठवडे शर्यती पोहाव्या लागतात. वर्षभर मोठ्या तलावात किलोमीटर मोजत बसायचं तर लफबरासारखी जागा बरी. मला तरी हा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

८००-१५०० मीटरचे अव्वल पुरुष जलतरणपटू हंगामाच्या मधल्या टप्प्यात आठवड्याला साधारण ६० ते ८० किलोमीटर पोहतात, नऊ-दहा सत्रांत विभागून, शिवाय दोन-तीन वेळा वजनांचं काम. पण किलोमीटर कितीही केले तरी वेळ आपोआप कमी होत नाही. तो कशाने होतो ते एका सेटवरून दाखवतो. हा सेट विफनचा म्हणून सांगत नाही. लांब पल्ल्याच्या कुठल्याही चांगल्या गटात याच धर्तीचं काम असतं. ३० × १०० मीटर फ्रीस्टाइल, दर १:१५ ला सुटायचं, प्रत्येक शंभर १:०१ ते १:०२ मध्ये. मध्ये १३-१४ सेकंद श्वास. ऐकायला सोपं. पहिले दहा शंभर ५९ मध्ये जातात, कारण अंग ताजं असतं आणि शेजारी जोडीदार पोहत असतो. विसाव्या शंभराला हिशोब चुकता होतो: वेळ १:०३ वर जाते, दर लॅपचे हात ३४ वरून ३८ होतात, आणि कोपर पडायला लागतं.

कोपर पडणं म्हणजे काय ते पाण्याखालून बघायला हवं. हात पुढे पाण्यात शिरल्यावर बोटं आणि मनगट खाली वळतात, कोपर वरच राहतं, आणि मग मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग वल्ह्यासारखा पाणी मागे ढकलतो. याला कॅच म्हणतात. थकवा आला की खांदा वरचा भार धरत नाही, कोपर बोटांच्या आधी खाली येतं, आणि वल्हं उभं राहायच्या ऐवजी आडवं होतं. पाणी मागे जात नाही, खाली दाबलं जातं. शरीर किंचित वर उचललं जातं, पुढे मात्र सरकत नाही. त्याची भरपाई पोहणारा हात भराभर मारून करतो, म्हणून हातांची संख्या वाढते. १:०१ वर धरलेला सेट म्हणजे खरं तर कोपर कितव्या शंभरापर्यंत टिकतं याची मोजणी. मॅनलींसारखे प्रशिक्षक काठावर उभे राहून वेळ बघतात तितकेच हात मोजतात.

दुसऱ्या प्रकारचं काम शर्यतीच्या वेगाचं. ७:३८.१९ ला १६ ने भागलं की २८.६४ येतात. तर १६ किंवा २४ किंवा ३२ वेळा ५० मीटर, प्रत्येक २८.६ मध्ये, मध्ये वीसेक सेकंद विश्रांती. २७.९ मध्ये आलात तरी सेट चुकला. वेगवान पोहलात म्हणून शाबासकी मिळत नाही, कारण शरीराला शिकवायचं आहे ते २८.६ म्हणजे नेमकं काय वाटतं हे. पहिले २०० मीटर दर लॅपला अर्धा सेकंद जास्त वेगाने गेलं की त्याचे दोन सेकंद पाचशेच्या पुढे पाच सेकंदांनी परत द्यावे लागतात. वयोगटातल्या मुलांच्या ८०० मध्ये नव्वद टक्के गडबड हीच असते असं माझं निरीक्षण आहे.

आता पुढचे टप्पे, भराभर. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत उत्तर आयर्लंडकडून १५०० मीटरचं रौप्य, ऑस्ट्रेलियाच्या सॅम शॉर्टच्या मागे. मग जुलै २०२३, फुकुओकाची जागतिक स्पर्धा. तिथे तो ८०० मध्ये चौथा आला आणि १५०० मध्येही चौथाच.

फुकुओकातला ८०० चा निकाल बघण्यासारखा आहे. ट्युनिशियाचा अहमद हफ्नावी ७:३७.००, शॉर्ट ७:३७.७६, फिंक ७:३८.६७, विफन ७:३९.१९. त्याची वेळ युरोपीय विक्रम होती. युरोपात तोवर कुणी इतक्या वेगाने ८०० पोहलं नव्हतं, आणि पदक नाही. १५०० मध्ये हफ्नावी आणि फिंक ०.०५ सेकंदाच्या अंतराने १४:३१ मध्ये आले, विफन १४:४३.०१. या दोन चौथ्या क्रमांकांत फार फरक आहे. ८०० मध्ये त्याला कांस्याला ०.५२ सेकंद कमी पडले. ते टर्नमध्ये, शेवटच्या ५० मध्ये, एखाद्या श्वासात मिळण्यासारखे होते. १५०० मध्ये कांस्यच ५.७३ सेकंद दूर होतं, आणि तेवढं श्वासात मिळत नाही. ते दर शंभराच्या पायाभूत वेगातच नव्हतं.

फुकुओका ते पॅरिस त्याने ८०० मध्ये किती कमी केले? ७:३९.१९ वरून ७:३८.१९. बरोबर एक सेकंद. हीच पॅरिसची वेळ फुकुओकात पोहला असता तर तिसरा आला असता. पदकाचा रंग समोर कोण आहे यावरही ठरतो, आणि हे मान्य केल्याने त्याचं सुवर्ण तसूभरही कमी होत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये रोमानियातल्या ओटोपेनीला युरोपीय शॉर्ट कोर्स स्पर्धा झाली, म्हणजे २५ मीटरच्या तलावातली. विफनने ४००, ८०० आणि १५०० ही तिन्ही सुवर्णं घेतली आणि ८०० मध्ये ७:२०.४६ असा विश्वविक्रम केला. आधीचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या ग्रँट हॅकेटचा, ७:२३.४२, २००८ मधला. जवळपास तीन सेकंद आणि पंधरा वर्षं एका रात्रीत मागे पडली. आयर्लंडच्या कुठल्याही जलतरणपटूचा हा पहिला विश्वविक्रम. ७:२०.४६ म्हणजे ३२ लांब्यांना प्रत्येकी १३.७६ सेकंद, ३१ टर्न धरून. मघाशी म्हटलेली छोट्या तलावाची जमेची बाजू ती हीच: ज्याचा टर्न तीस वेळा सारखाच पडतो त्याच्यासाठी २५ मीटरचा तलाव खजिना आहे.

पाठोपाठ फेब्रुवारी २०२४, दोहा. ऑलिंपिक वर्षात जागतिक स्पर्धा फेब्रुवारीत आली म्हणून अनेक मोठी नावं आली नाहीत, आणि तिथल्या पदकांचं मोल लोकांनी कमी धरलं. ८०० च्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे, विफन ७:४०.९४ मध्ये जिंकला, ती त्याचीच फुकुओकापेक्षा हळू वेळ. १५०० च्या बाबतीत मी ते मानत नाही. तिथे तो १४:३४.०७ पोहला, दुसऱ्यापेक्षा दहा सेकंदांनी पुढे. सात महिन्यांपूर्वी जे १४:४३ होतं त्यातून जवळजवळ नऊ सेकंद गेले, आणि एकटं पोहून गेले, ओढायला शेजारी कुणी नसताना. जागतिक जलतरण स्पर्धेच्या लांब (५० मीटरच्या) तलावात आयर्लंडला त्याआधी एकही पदक नव्हतं.

पॅरिसचा तलाव रग्बीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये तात्पुरता उभारलेला होता आणि त्याची खोली २.१५ मीटर होती. मोठ्या स्पर्धांना हल्ली तीन मीटर पसंत करतात, कारण हातांनी खाली ढकललेलं पाणी तळाला आपटून परत वर येतं. खोली जास्त असेल तर ते वर येईपर्यंत विरतं. पहिल्या दोन दिवसांत विश्वविक्रम येईनात तेव्हा 'हळू तलाव' अशी चर्चा सुरू झाली. लांब पल्ल्याला याचा फटका कमी बसतो असं मला वाटतं. स्प्रिंटर जितका जोराने पाणी घुसळतो तितकं ८०० वाला घुसळत नाही.

प्राथमिक फेरीत विफन ७:४१.५३ सह पहिला. ऑलिंपिक विक्रम तेव्हा ७:४१.२८ होता, युक्रेनच्या मिखाइलो रोमान्चुकचा, टोकियोच्या प्राथमिक फेरीतला. पुरुषांची ८०० मीटर शर्यतच ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून आली आहे, त्यामुळे इतिहास छोटा.

अंतिम फेरीचं कोडं असं होतं. पाल्ट्रिनिएरी खुल्या समुद्रातही पोहणारा, सुरुवातीपासून वेग लावून सगळ्यांना थकवणारा. फिंक अगदी उलट: मागे मागे राहतो आणि शेवटच्या ५० मीटरला पायांचं इंजिन सुरू करतो. टोकियोत त्याने ८०० चे शेवटचे ५० मीटर २६.३९ मध्ये काढून सुवर्ण नेलं होतं. एकाच्या मागे जास्त लांब राहता येत नाही, दुसऱ्याला शेवटी जवळ ठेवता येत नाही. पाल्ट्रिनिएरीच्या वेगाने गेलं तर फिंकसाठी पाय उरत नाहीत, आणि फिंकसारखं थांबलं तर फिंकच जास्त चांगला थांबतो.

विफनने पाल्ट्रिनिएरीला मधला बराच काळ पुढे राहू दिलं, पण हाताच्या अंतरात. लांब पल्ल्यात दोन हातांमागे दोन किक मारून पाय वाचवायचे आणि शेवटी सहा किकवर जायचं, ही सर्वसाधारण रीत. प्रश्न असतो कधी जायचं हा. ७५० ला जाणारा फिंकशी स्प्रिंटमध्ये भिडतो आणि हरतो. त्याआधीच, घंटा वाजायच्या सुमारास, म्हणजे शेवटचे दोन लॅप उरताना वेग चढवला तर फिंकला नेहमीच्या जागेवरून निघाल्यावर कापायला जास्त अंतर उरतं. विफन शेवटच्या टप्प्यात पाल्ट्रिनिएरीच्या पुढे गेला, आणि भिंतीला हातही फिंकच्या आधी लागला. ०.५६ सेकंद, एक मीटर. शर्यत पुन्हा बघाल तेव्हा नजर पुढच्या माणसावर ठेवू नका. विफनचे टर्न बघा, आणि बाराव्या-तेराव्या लॅपलाही त्याचं कोपर कुठे आहे ते बघा.

आयर्लंडला ऑलिंपिकमध्ये पुरुष जलतरणपटूने मिळवून दिलेलं हे पहिलं पदक. आदल्याच दिवशी, २९ जुलैला, मोना मॅकशॅरीने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये १:०५.५९ सह कांस्य घेतलं होतं. तिच्या मागे दोघी १:०५.६० वर बरोबरीत चौथ्या. ०.०१ सेकंद म्हणजे त्या वेगाला दीड सेंटिमीटर, एका नखाची रुंदी. तिच्या पदकाआधी आयर्लंडकडे जलतरणातली ऑलिंपिक पदकं होती ती १९९६ ची, मिशेल स्मिथची, तीन सुवर्णं आणि एक कांस्य. १९९८ मध्ये उत्तेजक चाचणीच्या नमुन्यात फेरफार केल्याबद्दल तिच्यावर चार वर्षांची बंदी आली; तिने आरोप नाकारले, क्रीडा लवादाने बंदी कायम ठेवली, पदकं मात्र तिच्याकडेच राहिली. आयरिश जलतरणाने २८ वर्षं हे ओझं वाहिलं. लफबराला आणि टेनेसीला सेट मोजणाऱ्या या दोन मुलांनी ते दोन दिवसांत हलकं केलं, याचा आनंद आयर्लंडबाहेरच्या जलतरणप्रेमींनाही झाला, मलाही झाला.

१५०० ची अंतिम फेरी ४ ऑगस्टला. तिथे फिंकने डाव उलटा टाकला. शेवटाची वाट न बघता पहिल्याच लॅपपासून पुढे निघाला आणि १४:३०.६७ असा विश्वविक्रम केला. पाल्ट्रिनिएरी १४:३४.५५, विफन १४:३९.६३, कांस्य. दोहापेक्षा साडेपाच सेकंद हळू. फिंकला शेवटी घाबरायचं असा सराव केलेल्या सगळ्यांनाच तो सुरुवातीला कसा गाठायचा ते ठरवायला वेळ मिळाला नाही. त्यानंतर विफन सीन नदीत १० किलोमीटरही पोहला आणि १८ वा आला. तलावात १.७५ मीटरचा वेग ही काळी पट्टी, दोरी आणि भिंत यांची देणगी असते. नदीत प्रवाहाविरुद्ध काठ धरून जावं लागतं, घोळक्यात कोपरं लागतात, मान वर काढून दिशा बघावी लागते, आणि दर वेळी मान वर आली की कंबर खाली. त्या पाण्याचा अनुभव नसलेल्याला १८ वा क्रमांक वाईट नाही.

मग उतार. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत तो ८०० च्या अंतिम फेरीत आठवा आला आणि प्रकृतीमुळे १५०० मधून बाहेर पडला. जिंकला ट्युनिशियाचा अहमद जौआदी, पॅरिसमध्ये चौथा आलेला, ७:३६.८८ मध्ये. हे वाचून कुणी विफन संपला म्हणेल, तर लांब पल्ल्याचं शरीर कसं चालतं ते आधी बघावं. आजारपणात पोहणं सुटलं की आठवड्याभरातच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटतं, तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. त्याहून आधी जाते ती पाण्याची पकड, म्हणजे तळव्याला पाणी घट्ट लागण्याची जाणीव. ५० मीटरवाला थोडं कमी-जास्त असलं तरी ताकदीवर निभावून नेतो. ८०० वाल्याचं सोळा लॅपना तेच उणं सोळा वेळा वजा होतं, आणि एका लॅपला एक सेकंद ढिला पडला की जेता थेट शेवटचा दिसतो.

परत यायचं तर घाईने किलोमीटर वाढवून चालत नाही. तसं केल्यावर पहिल्यांदा खांदा बोलतो, बहुतेकदा पुढच्या बाजूने, कारण कोपर पडलेल्या अवस्थेत हजारो हात मारले जातात. आधी हातांची संख्या जुन्या आकड्यावर आणायची, मग वेळ, मग अंतर. याला महिने लागतात आणि मध्ये एखादी स्पर्धा वाईट जाते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं उद्‌घाटन १४ जुलैला आहे, विफनच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी. तिथला क्रम नेहमीपेक्षा वेगळा: ॲथलेटिक्स पहिल्या आठवड्यात, जलतरण दुसऱ्या आठवड्यात, इंगलवूडच्या सोफाय स्टेडियममध्ये उभारायच्या तात्पुरत्या तलावात. जौआदी त्याच्याहून लहान आहे. तिथे ७:३८ पुरेल असं मला वाटत नाही. ७:३४ लागेल असं धरलं, तर विफनला दर लॅपला आणखी ०.२६ सेकंद शोधावे लागतील.